माळवदावर वाळत घातलेला प्रोग्राम

आता माझ्या खात्यात नव्याने आलेली मंडळी एकाच पडद्यासमोर बसून सगळं उरकतात. तिथेच प्रोग्राम लिहितात, तिथेच तपासतात, एक बटण दाबून चिपमध्ये भरतात, चुकला तर दुसरं बटण दाबून पुसतात. खुर्ची सोडायची ती जेवायला. मला विचारतात, "सर, तुमच्या वेळी अशी सोय नव्हती ना?" मी म्हणतो, होती की! अगदी हीच होती. फक्त ती दोन जिल्ह्यांत पसरलेली होती.

हसू नका, नकाशा सांगतो. प्रोग्राम लिहायची जागा म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीतली माझी लोखंडी खाट. तो यंत्राच्या आकड्यांत उतरवायचं काम करणारा मी स्वतः, पेन्सिल आणि चौकटीची वही घेऊन. तो चालवून बघायचा आणि चिपमध्ये भरायचा तो सांगलीला, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत. आणि पुसायचं खोडरबर होतं जतला. या सगळ्याला जोडणारी तार म्हणजे एसटी. कराडला बदला, इस्लामपूरला चहा प्या, सांगलीला उतरा, चूक सापडली की त्याच रस्त्याने परत या. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी चोवीस वर्षांचा होतो, आणि बसमध्ये जागा मिळाली तरी मला बसवत नसे.

बसवत नसे त्याला कारण होतं. ते आधी सांगतो.

कारखान्यात साखर धुवायची चार मशीनं होती. शिजवून दाटलेला पाक जाळीच्या मोठ्या ढोलात ओतायचा आणि ढोल गरागरा फिरवायचा. मळी जाळीतून बाहेर उडते, साखर भिंतीला चिकटून राहते. मग फिरत्या ढोलात पाण्याचा फवारा मारायचा. फवारा कमी पडला तर साखर पिवळी राहते, जास्त झाला तर साखरच विरघळून मळीबरोबर जाते. सगळा खेळ काही सेकंदांचा. तो खेळ मशीनमन हाताने करत असे, झडप उघडून आणि झडप मिटून, दिवसभर, दर तीन-चार मिनिटांनी. मी नवीन शिकून आलो होतो. मायक्रोप्रोसेसर नावाची चीज हातात मिळाली होती. मी चीफ इंजिनिअर साहेबांना म्हणालो, हे काम एक डबा करील.

साहेब बोलायला फार काटकसरी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"करील?"

"करील साहेब."

"मग कर. हंगाम सुरू होईल त्या दिवशी पहिल्या मशीनवर तुझा डबा दिवसभर चालला पाहिजे. चालला तर तू इथं कायम. नाही चालला तर मी मुंबईच्या कंपनीचं पॅनेल मागवतो, आणि तू मोकळा."

मोकळा म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. माझे वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. पोस्टकार्डावर हुकूम लिहावा तसं लिहीत. त्यांनी पुण्याच्या एका सरकारी वर्कशॉपात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. काम कसलं, तर आलेले सुटे भाग मोजून फडताळात लावायचे. "डब्याचे खूळ हंगामापर्यंत. त्यानंतर हजर होणे." एवढंच कार्ड. खाली सही, तीही रेघेवर. तेव्हा मला एकच ध्यास लागला होता: हंगामाच्या पहिल्या दिवशी डबा चालला पाहिजे, म्हणजे उरलेलं आयुष्य मला खिळे मोजत काढावं लागणार नाही.

डबा म्हणजे खरंच डबा होता, पत्र्याचा, राखाडी रंग मारलेला. आत प्रोसेसर, आणि शेजारी ती चिप जिच्यात प्रोग्राम राहतो. या चिपच्या पाठीवर काचेची एक छोटी खिडकी असते. माझ्याकडे अशा दोनच चिपा होत्या आणि तिसरी मुंबईहून यायला दोन महिने म्हणत होते.

पहिला प्रोग्राम मी पुस्तक समोर ठेवून लिहिला. फवारा आठ सेकंद. दोन्ही चिपांत तोच भरला, ऐट म्हणून. हंगाम नव्हता, ढोल रिकामे होते, पण पाणी सोडून चाचणी घेता येत होती. पहिल्या मशीनचा मशीनमन बघायला आला. जतकडचा माणूस, पन्नाशीला टेकलेला, डोक्याला भला मोठा पटका. सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून मीही. बाप-आजा मेंढरं राखणारे. हा कारखान्यात आला आणि राहिला. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही.

डब्याने झडप उघडली. पाणी उडालं. मामा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. झडप मिटली.

"एंटू," मामा म्हणाला.

"काय?"

"आठावर मिटलं की ओ. आठात कुटं साकर धुती? पिवळी पडंल लय."

"पुस्तकात आठ आहे, मामा."

"मग पुस्तकच घाला ढोलात."

बाजूचे दोघं खदखदून हसले. माझे कान तापले. मी विचारलं, "तुम्ही किती मोजता?"

मामा झडपेपाशी उभा राहिला. पटका सावरला. आणि मोजायला लागला, "ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू…" एका ठेक्यात, न घाई न ढिलाई, संध्याकाळी मेंढरं वाड्यात आत घेताना दारात उभं राहून मोजतात तसं. "…हत्तू, हन्नोंदू, हन्नेरडू." बारा. मी हातातल्या घड्याळावर लावून पाहिलं. एकदा, दोनदा, दहादा. मामाचे बारा आणि घड्याळाचे बारा यांत केसाचा फरक नाही.

"मोजायला कुठं शिकलात?"

"मेंढरापाशी. म्या चुकलो तर मेंढरू लांडग्याचं. मग कोन चुकतंय?"

मी पुस्तक मिटलं. प्रोग्राम बदलायचा. आठाच्या जागी बारा. एवढंच ना?

एवढंच, पण चिपला ते सांगायचं कसं? ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी धावपळ हिच्यापायी आहे. चिपमध्ये हजारो बारीक दिवे आहेत असं समजा. कोऱ्या चिपमध्ये सगळे पेटलेले. प्रोग्राम लिहायचा म्हणजे त्यातले हवे ते दिवे विझवायचे. विझवायचं काम सांगलीचं यंत्र चुटकीसरशी करतं. पण एकदा विझलेला दिवा पुन्हा पेटवायचा तर खिडकीतून आत जांभळ्यापलीकडचे किरण जावे लागतात, आणि मग सगळेच्या सगळे एकदम पेटतात, चिप कोरी होते. त्यासाठी खास नळी असते. कॉलेजातली नळी त्याच पावसाळ्यात गेली होती. तिथले प्रोफेसर म्हणाले, "उन्हात ठेवा. चांगलं कडक ऊन असेल तर आठवड्यात होतं."

चांगलं कडक ऊन! भाद्रपद चालू होता. आमच्याकडे आठ दिवस सूर्याने तोंड दाखवलं नव्हतं. पाचगणीकडून ढग उतरत आणि कारखान्याच्या चिमणीवर बसून राहत. मी कॉलनीत हातात दोन चिपा घेऊन वर बघत फिरायचो. शेजारचे विचारायचे, विमान येतंय का?

मामाच म्हणाला, "ऊन पायजे ना? मग आमच्याकडं चला. आमच्याकडं दुसरं काय हाय?"

त्याला तीन आठवडे सुटी होती, गावी निघाला होता. मी दोन्ही चिपा काड्यापेटीत कापूस घालून ठेवल्या आणि त्याला दहा वेळा बजावलं. काचेची खिडकी वर. काचेखाली ठेवायचं नाही. सावली पडू द्यायची नाही. आठ दिवस. मामाने काड्यापेटी पटक्यात खोचली.

"घरात सांगतो. तुमी निवांत ऱ्हावा."

निवांत! मी त्या आठ दिवसांत खोलीत एवढ्या फेऱ्या मारल्या की खालच्या मजल्यावरचे क्लार्क वर येऊन विचारून गेले, कुणी आजारी आहे का. नवव्या दिवशी मामाच्या गावाकडून येणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरबरोबर एक चिप आली. दुसरीला अजून ऊन द्या असा निरोप मीच धाडला होता, हाताशी एक जास्त कोरी असावी म्हणून.

मी सांगली गाठली. प्रयोगशाळेत आठवड्यातून दोन दुपारी मला बसायला परवानगी होती, दोन ते पाच. तिथे एका पाटावर मावेल असा एक किट होता: सोळा बटणं, सहा लाल आकडे, बस्स. ना पडदा, ना कागद. एकेक आकडा दाबायचा, "पुढे" दाबायचं. सव्वातीनशे वेळा. मध्ये वीज गेली की सगळं हवेत. पण त्या दिवशी गेली नाही. चिपमध्ये भरलं, यंत्राने परत वाचून पडताळलं, बरोबर. बारा म्हणजे बारा. मी परतीच्या बसमध्ये कंडक्टरला उगाचच नमस्कार केला.

डबा मशीनला लावला. सकाळी साहेब आले, मामाही सुटीवरून परत आला होता. झडप उघडली, मामा पुटपुटला, "हन्नेरडू." मिटली. पुन्हा. पुन्हा. साहेब "हं" म्हणाले आणि गेले. आमच्याकडे साहेबांचं "हं" म्हणजे बँड लावून मिरवणूक.

दुपारी तीनला मामा माझ्या टेबलापाशी.

"आवं इंजनेर, डबा यड्यागत करतोय."

"म्हणजे?"

"आठावर मिटतंय. पयल्यागत."

"शक्यच नाही. आठ पुसून टाकलाय."

"म्या खोटं बोलतोय व्हय?"

गेलो. पावसाने उघडीप दिली होती आणि पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. झडप उघडली. मी घड्याळ बघत होतो, मामा मोजत होता. आठ! पुसलेला, मेलेला, जतच्या उन्हात जाळलेला आठ माझ्यासमोर उभा! पुढच्या वेळी बारा. मग पुन्हा आठ. संध्याकाळी गार झाल्यावर बारा, बारा, बारा, शहाण्या मुलासारखं.

साहेबांना कळायचं ते कळलंच. त्यांनी येऊन डब्यावर हात ठेवला.

"सकाळी शहाणा, दुपारी खुळा. असा माणूस असता तर मी ठेवला नसता," ते म्हणाले. "अकरा दिवस राहिलेत."

दुसऱ्या दिवशी चिप खिशात घालून मी परत सांगलीला. यंत्राने वाचली: बारा. पुन्हा वाचली: बारा. प्रोफेसरांनी खांदे उडवले, चिप ठीक आहे म्हणाले, तुमच्या डब्यात बघा. मी परत. डबा पूर्ण खोलला, प्रत्येक तार हलवून पाहिली, प्रत्येक सांध्याला नव्याने डाग दिला. दुपारी आठ. आणखी दोन दिवस गेले. जेवताना माझा पाय टेबलाखाली आपोआप हलत असे आणि खानावळीतल्या सगळ्यांची ताकं सांडत. वडिलांचं कार्ड आलं, "तयारी ठेवणे." मी ते चौकटीच्या वहीत खूण म्हणून घातलं. दुसरं काय करणार?

शेवटी ठरवलं, जतला जाऊन दुसरी चिप आणायची. आता ती तरी नक्की कोरी झाली असेल. मामाने पत्ता सांगितला आणि म्हणाला, "मालकिणीला सांगा, म्या बरा हाय." मिरज, कवठे महांकाळ, जत. ढग मिरजेला मागे पडले. पुढे आभाळ धुतल्यासारखं, आणि खाली जोंधळ्याची कोवळी, तहानलेली रानं. दहा वाजता पोहोचलो तेव्हा डोळे मिटून घ्यावेत असं ऊन होतं. ऊन बघून एखाद्या माणसाला इतका आनंद जतमध्ये त्याआधी कधी झाला नसेल.

मामाच्या घरावर मातीचं माळवद, म्हणजे सपाट छप्पर. मामी शिडीवरूनच ओरडली, "कोन हाय?"

"कारखान्यातून आलोय मामी. त्या दोन चिपा…"

"अय्यो, इंजनेर व्हय! या की वर. तुमचं सांडगं वाळत्याती."

वर गेलो. अख्ख्या माळवदावर वाळवण. लाल मिरच्या, सांडगे, कुरड्या. आणि सांडग्यांच्या ताटात, सांडग्यांच्या ओळीत, ओळ न मोडता माझी चिप. पाठीवर पडलेली! चोवीस पाय आभाळाकडे, मेलेल्या झुरळासारखी, आणि काचेची खिडकी खाली ताटाला चिकटलेली.

"मामी," मी आवाज जमेल तेवढा मऊ ठेवला, "ही अशी उलटी कशी?"

"आज त्या अंगावर हाय. काल ह्या अंगावर हुती. उद्या परत उलटायची." मामीला माझ्या अडाणीपणाची कीव आली असावी. "येकाच अंगानं वाळवलं तर दुसरं अंग वलं ऱ्हातंय. मग आळ्या पडत्यात."

मी खाली बसलो. 

"दोन्ही चिपा अशाच?"

"दोनी. पयली पन म्या हातानं उलटायची रोज. यक दिस इसरली न्हाई."

"आणि दुपारी?"

"दुपारचं झाकतेच की लुगड्यानं. बारा ते चार. करपंल न्हाई का?"

बारा ते चार. जांभळ्यापलीकडचे सगळे किरण नेमके ज्या वेळी पडतात ती वेळ. एक दिवसाआड पालथी, आणि उरलेल्या दिवशी भर दुपारी लुगड्याखाली. आठ दिवसांचं ऊन म्हणत होतो, पहिल्या चिपला धड दोन दिवसांचंही मिळालं नव्हतं, आणि दुसरीचाही भरवसा उरला नव्हता. मला एकाच वेळी हसू फुटलं आणि रडू आलं, आणि दोन्ही दाबल्यामुळे ठसका लागला. मामीने पाणी दिलं.

आता सगळं लख्ख झालं. विझलेले दिवे पुन्हा पेटले होते, पण अर्धवट, मिणमिणते. सकाळी गारव्यात प्रोसेसर त्यांना पेटलेले समजे. सांगलीच्या पंख्याखाली यंत्रही तसंच समजे. दुपारी पत्रा तापला की तेच दिवे विझलेले वाटत. बारा लिहायला आठापेक्षा एक दिवा जास्त पेटलेला लागतो. तो एक दिवा मिणमिणला की बाराचा परत आठ. मामा खरं सांगत होता, यंत्र खोटं.

मी मामीला सगळं सांगितलं. लपवावं असं मनात आलं होतं, पण तिने इतक्या मायेने ती चिप उलटली होती की खोटं बोलवेना. तिने कमरेवर हात ठेवले.

"मग ह्यांनी मला येवडंच सांगितलं, आट दिस ऊन दे. काच वर, खाली, कायबी बोललं न्हाईत. तुमी शिकल्याली मानसं ह्यांना सांगता, ह्ये मला आर्धं सांगत्यात, आन् बिघडलं की बाईमानसाचं." मग थांबून, "लय नुसकान झालं का ओ?"

"नाही नाही," मी म्हणालो. "होईल काहीतरी."

काय होईल? सात दिवस उरले होते, आणि कोरं करायला नीट ऊन दिलं तरी आठवडा, मग सांगली, मग चाचणी. मामीने भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. मी उभ्यानेच खाल्ली. चिप काड्यापेटीत घातली आणि मिळेल त्या बसने निघालो.

कवठे महांकाळच्या अलीकडे ते झालं. मी वही मांडीवर ठेवून आकड्यांकडे बघत होतो. डोक्यात एकच घोळ: विझलेला पेटवता येत नाही, पेटलेला विझवता येतो. विझवायला ऊन लागत नाही. मग सगळेच विझवले तर? ज्या ज्या जागी जुना प्रोग्राम आहे तिथला प्रत्येक दिवा विझवून टाकला, मिणमिणते, भक्क पेटलेले, सगळे, तर तिथे उरेल शून्य-शून्य. आणि शून्य-शून्य या आकड्याचा प्रोसेसरच्या भाषेत अर्थ काय होता?

काही करू नकोस. पुढे जा.

मी सीटवरून ताडकन उठलो. शेजारचा म्हातारा दचकला.

"उतरायचंय का?"

"नाही!"

"मग बसा की. पोटात दुकतंय का?"

बसलो. पुन्हा उठलो. चिपमध्ये जागा भरपूर होती, माझा प्रोग्राम जेमतेम सहाव्या हिश्शात बसलेला. पुढची जागा चिप बनवणाऱ्या कारखान्यातून निघाल्यापासून कोरी, तिथे कुणी काही विझवलंच नव्हतं, म्हणून तिथे मिणमिणतं काहीच नाही. प्रोसेसर सुरुवातीपासून वाचायला लागेल. काही करू नकोस, पुढे जा. काही करू नकोस, पुढे जा. असा सव्वातीनशे पायऱ्या रिकाम्या चालून नव्या, ठणठणीत प्रोग्रामच्या दारात येऊन उभा राहील. माणसाच्या डोळ्याची पापणी लवायच्या आत.

प्रोग्राम पुढे सरकवायचा तर आतली प्रत्येक "इकडे उडी मार, तिकडे उडी मार" ही सूचना बदलावी लागते, कारण प्रत्येक उडीचा पत्ता सरकतो. ते काम मी मिरजेच्या स्टँडवर केलं, एका हाताने खांब धरून आणि वही गुडघ्यावर दाबून. अठ्ठेचाळीस उड्या. एकोणपन्नासावी सांगलीत रिक्षात सापडली.

प्रयोगशाळेची किल्ली तिथल्या शिपायाकडे असे. शांत, जाड मिशांचा, पाच वाजले की पाचला कुलूप लावणारा माणूस. मी पावणेतीनला बसलो. शून्य शून्य, पुढे. शून्य शून्य, पुढे. त्याने थोडा वेळ बघितलं.

"काय लिवताय साहेब?"

"काही करू नकोस असं लिहितोय."

"कितींदा?"

"तीनशे पंचवीस वेळा."

 माझ्या कपाळाकडे बघून त्याने पंख्याचं बटण एक घर पुढे केलं.

साडेतीनला शून्यं संपली, नवा प्रोग्राम सुरू झाला. चार वाजता मी शेवटच्या पानावर होतो. चार वाजून पाच मिनिटांनी वीज गेली.

सहा लाल आकडे विझले. शिपाई खिडकीबाहेर बघत म्हणाला, "येतीय. गेली की वीस मिनटात येतीय." मी टेबलाभोवती फिरत राहिलो. त्याने मोजलं असेल तर त्यालाच ठाऊक किती फेऱ्या झाल्या. वीज आली तेव्हा चार वाजून सत्तावीस मिनिटं. तेहतीस मिनिटांत साडेसहाशे आकडे. आकडा वाचायला वहीकडे, दाबायला किटकडे, मान सारखी वर-खाली.

शिपायाने माझ्या हातातून वही घेतली.

"मी वाचतो. तुमी नुसतं दाबा."

आणि वाचायला लागला, प्रयोगशाळेत जन्मल्यासारखा. "शून्य शून्य. शून्य शून्य. शून्य शून्य. मोजतोय मी, तुमी मोजू नका. शून्य शून्य." मग नवा भाग. "तीन ई. शून्य सी. तीन दोन…" शून्य सी म्हणजेच आमचे बारा. पाचला पाच कमी असताना शेवटचं बटण दाबलं. चिप यंत्रात घातली.  पडताळणीचा हिरवा दिवा लागला तेव्हा पाच वाजून गेले होते. त्याने कुलूप हातात घेतलं होतं, पण लावलं नव्हतं.

हंगामाच्या आधी पाच दिवस मी तो डबा रोज भर दुपारी तापवला. पत्र्यावर गोण्या टाकल्या, शेजारी पेटती शेगडी ठेवली. मामा समोर उकिडवा बसून मोजे. बारा, बारा, बारा. साहेब एकदा येऊन शेगडी बघून गेले. 

आणि तो दिवस उजाडला. पूजा झाली, नारळ फुटला, उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडली. माझं लक्ष कशातच नव्हतं. ऊस साखर व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मी मशीनहाउस ते चिमणी अशा येरझाऱ्या घातल्या. अखेर पहिला पाक ढोलात आला, दुसऱ्या दिवशीच्या दुपारी, ऐन तीनच्या सुमाराला. उष्मा असा की झडपेच्या दांड्याला हात लावता येत नव्हता. ढोल फिरला. काळी मळी उडाली. डब्याने झडप उघडली.

मामाचे ओठ हलत होते. साहेब घड्याळ धरून. मी काहीच धरलं नव्हतं, धरण्यासारखं काही नव्हतंच.

झडप मिटली.

"हन्नेरडू," मामा मोठ्याने म्हणाला.

साहेबांनी ढोलातून मूठभर साखर घेतली. तळहातावर पसरली, उजेडाला धरली, थोडी तोंडात टाकली. पांढरी स्वच्छ. ते तिथेच उभे राहिले. दुसरा ढोल. तिसरा. दहावा. तास गेला. त्यांनी खिशातून एक टाइप केलेला कागद काढला, मुंबईच्या कंपनीला पाठवायचा होता तो, चार घड्या घातल्या आणि त्या घडीनेच हाताला लागलेला पाक पुसला.

"उद्यापासून दुसऱ्या मशीनचं बघ," म्हणाले. "आणि घरी कळव."

घरी काय कळवायचं ते मी डोक्यात जुळवत होतो, रेघेवर सही येईल असं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मामाचे ओठ हलायचे थांबलेत. तो इकडेतिकडे बघत होता, हातांचं काय करावं ते कळत नसल्यासारखा. कधी पटक्याला हात, कधी कमरेला.

"इंजनेर, आता म्या काय करायचं?"

"बसा की मामा."

"चालू मशीनपाशी कवा बसलोय व्हय गड्या?"

पण त्याने एक रिकामं पोतं ओढलं, दुमडलं, आणि बसला. आधी मशीनकडे तोंड करून. दोन ढोल झाले. मग हळूच फिरला आणि पाठ करून बसला. मशीन मागे गरगरत होतं, झडप उघडत होती, मिटत होती. साहेब त्याला उठवायला म्हणून निघाले, चार पावलं गेले, थांबले, आणि परत फिरले.